एक्स्टर्नलचं जेवण

मे महिना लागला की आमच्या पलंगाखाली गवतात आंब्यांची आढी लागते, घरभर वास सुटतो, आणि मला मळमळायला लागतं. हे बोलून दाखवायची सोय नाही. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाने आमरसाला नाक मुरडावं म्हणजे पापच. बायको दरवर्षी म्हणते, "काय माणूस आहे बाई! जग रसासाठी जीव टाकते आणि यांना मे महिन्यात पिठलं पाहिजे." मी पित्ताचं कारण सांगतो. दहाएक वर्षं पित्ताच्या नावावर हे खपलं आहे. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही, कारण त्यात तिचाही थोडा हात आहे, आणि ते तिला पटणार नाही.

यंदा आढी लागली त्याच आठवड्यात एका कॉलेजातून फोन आला. पलीकडे तरुण प्राध्यापक होता. आवाजात नको इतका आदर. "सर, एम.ए.च्या तोंडी परीक्षेसाठी एक्स्टर्नल म्हणून तुमचं नाव टाकून राह्यलो. तुमच्यासारखा माणूस आमच्या पोरांले भेटला पाहिजे. आणि जेवणाचं टेन्शन घेऊ नका सर. पोरी सगळं घरून आणतात. रस चालते ना?"

मी फोन कानापासून दूर धरला. एवढ्याशा वाक्यात दहा वर्षांपूर्वीचा सगळा मे महिना माझ्या अंगावर आला, त्याच्या माश्यांसकट.

ही जेवणाची भानगड बाहेरच्यांना ठाऊक नसेल. एम.ए.च्या शेवटी विद्यार्थी लघुप्रबंध लिहितात आणि त्यावर तोंडी परीक्षा होते. त्यासाठी दुसऱ्या गावाहून परीक्षक येतो, तो एक्स्टर्नल. त्याचा प्रवासखर्च विद्यापीठ देतं, पण जेवणाचं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. ते पोरांनी करायचं, अशी रीत आहे. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. विभागप्रमुख एका कागदावर नावं लिहितो, नावापुढे पदार्थ लिहितो, की झालं. एक्स्टर्नल जेवून खूष झाला म्हणजे गुणही बरे पडतात, असा समज. तो समज खोटा आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. सत्तावीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातली चौदा वर्षं विभागप्रमुख म्हणून तो कागद मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

आणि आम्ही शिकवत काय होतो? आमच्या अभ्यासक्रमात एक ज्यू तत्त्वज्ञ होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही. त्याच्या नावावर मी पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत, आता निदान त्याला या लेखाबाहेर ठेवावं. म्हातारा, दाढीवाला, जर्मन बोलणारा, उतारवयात देश सोडून जेरुसलेमला गेलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं. माणूस जगासमोर दोन तऱ्हांनी उभा राहतो. एका तऱ्हेत समोर जे असेल ते वापरायचं, मोजायचं, ओळखून कप्प्यात टाकायचं. दुसऱ्या तऱ्हेत समोरच्याला आपल्या सगळ्या असण्यानिशी भेटायचं, काही मिळवायला नाही, नुसतं भेटायचं. पहिल्या तऱ्हेशिवाय संसार चालत नाही. पण जो फक्त तिच्यातच जगला तो माणूस झालाच नाही. आणि देव? देवाबद्दल बोलता येत नाही, सिद्ध करता येत नाही. त्याच्याशी फक्त बोलता येतं. समोरच्या माणसाला जो खरंच भेटला, त्याच्या त्या भेटीतूनच देवाकडे जाणारी वाट असते. दुसरी नाही.

हा तास माझा गाजायचा. दुसऱ्या वर्गातली पोरं मागच्या बाकांवर येऊन बसायची. मी प्लॅटफॉर्मवरून खाली उतरायचो, बाकांमधून चालत जायचो, आणि एखाद्या विद्यार्थ्यासमोर थांबून त्याच्या डोळ्यांत बघायचो. वर्ग चिडीचूप. मग म्हणायचो, "आत्ता मी याचा रोल नंबर विसरलो. याची जात, याचं गाव, याचे मार्क, सगळं विसरलो. आत्ता फक्त हा आहे आणि मी आहे." त्या तत्त्वज्ञाच्या लोकांच्या हातांवर आकडे गोंदून त्यांना कसं मारलं, ते सांगताना माझा आवाज भरून यायचा. खोटं नाही सांगत, खरंच भरून यायचा. पाच हजार मैलांवरच्या माणसांसाठी आम्हाला फार सहज रडू येतं. एकदा मी वैशाली नावाच्या विद्यार्थिनीसमोर थांबलो होतो. तिने डोळे खाली घातले नाहीत. मी मात्र तिच्या डोळ्यांतून पलीकडे वर्गाकडे बघत होतो, किती पोरं माझ्याकडे बघताहेत ते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वैशाली बोरी अरबच्या पुढच्या एका खेड्यातून काळीपिवळीने यायची. जीपच्या मागच्या दारात उभ्याने, ओढणीने नाकतोंड बांधून, कधी धुळीने भुवया पांढऱ्या होऊन. बाप वारलेला, आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला. आजोबांच्या पिढीत घर बौद्ध झालेलं. लघुप्रबंधासाठी तिने हा ज्यू तत्त्वज्ञ निवडला, तेव्हा मला कौतुक वाटलं. कौतुक वाटलं म्हणजे काय, तर आश्चर्य वाटलं आणि त्याला मी कौतुक हे नाव दिलं. इतर चार पोरींनी गीतेवर, संतांवर सोपे विषय घेतले होते.

एप्रिलच्या शेवटी ती कच्चा मसुदा घेऊन विभागात आली. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसता गरम हवा फेकत घरघरत होता. तिने एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "सर, हे पान पहा. हे ठेवू की नको, ते मले समजून नाही राह्यलं."

त्या पानावर तिची आजी होती. बौद्ध झाल्यावर आजोबांनी भिंतीतल्या देवळीतले सगळे देव पोत्यात भरून नदीत सोडले. देवळी रिकामी झाली. आजीने कुरकुर केली नाही, एक देवही मागे लपवून ठेवला नाही. पण दिवेलागणीला ती त्या रिकाम्या देवळीपुढे उभी राहायची आणि दिवसभराचं सांगायची. बकरीने काय खाल्लं, कुणाची सून माहेरी गेली, वावरात कोण काय बोललं. लहानपणी वैशालीने विचारलं होतं, "आजी, कोनाशी बोलून राह्यली तू?" आजी म्हणाली, "कोनाशी नाही. कोनी असन तं आयकन. नसन तं मीच आयकते."

खाली वैशालीने तिचा प्रश्न लिहिला होता. हा तत्त्वज्ञ म्हणतो की प्रत्येक खऱ्या भेटीची रेघ पुढे वाढवत नेली तर ती देवापाशी पोचते. पण ज्या घरात देव नाही, आणि तो नाही हे ज्यांनी विचार करून ठरवलं, त्यांची रेघ कुठे जाते? की ती माणसापाशीच थांबते, आणि थांबली तर भेट अपुरी राहते का?

मी जन्मभर त्या तत्त्वज्ञावर जेवढं वाचलं होतं, त्यात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काय केलं? लाल पेन घेतलं आणि आजीवर काट मारली. समासात लिहिलं, "व्यक्तिगत. अनावश्यक." प्रश्न ठेवला, पण त्याला दोन तळटीपा जोडायला सांगितल्या. ती पान घेऊन निघाली, दारात थांबली आणि म्हणाली, "सर, आजीशिवाय तो प्रश्न कायले पडन कोनाले?" मी म्हणालो, "संशोधनात आजीबिजी चालत नाही." आणि हसलो. माझ्या त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो. पान चघळणाऱ्या माणसाच्या हसण्यासारखा होता, आणि मी तर पान खातही नव्हतो.

मग तो जेवणाचा कागद लिहायची वेळ आली. एक्स्टर्नल मोठ्या शहरातले होते, व्यासंगी, हा तत्त्वज्ञ जर्मनमधून वाचलेले. म्हणजे जेवण तसंच हवं. मी लिहिलं: वांग्याची भाजी अमुक, कढी तमुक, आमरस तमुक, कुरड्या आणि वडे चौथीच्या नावापुढे. पोळ्या आमच्या घरून. उरली वैशाली. पेन थांबलंसुद्धा नाही हो! मी लिहिलं, "वैशाली: केळी व कागदी प्लेटा."

इथे मी वाचकाला थांबायला लावणार आहे, कारण मी स्वतः तेव्हा थांबलो नाही. केळी. साल असलेलं फळ. हात लागला तरी साल काढून टाकली की झालं. आणि कागदी प्लेट, एकदा वापरायची, फेकायची. असा विचार मी केला का? नाही. विचार करावा लागत नाही, हेच तर किळसवाणं आहे. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतली नोकरी, पुस्तकांची कपाटं, शिवाशिव वगैरे आजोबांच्या काळातच संपलेली. कुणी विचारलं असतं तर मी मनापासून म्हणालो असतो, "ती बिचारी लांबून येते, तिला कशाला त्रास?" तिच्याहून लांबून येणारी मुलगी कढी घेऊन येणार होती, जीपमध्ये हिंदकळणारी कढी.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "पोळ्या किती करू? आणि ती तुमची बोरीकडची मुलगी काय आणते आहे?" मी म्हणालो, "केळी." बायको "बरं" म्हणाली. बस. त्या "बरं"मध्ये जो सुटकेचा सुस्कारा होता तो आम्हा दोघांनाही ऐकू आला आणि दोघांनीही ऐकला नाही. लग्नाला तीस वर्षं झाली की इतकं जमतं. तो ज्यू म्हातारा म्हणे दोन माणसांच्या मधल्या जागेत काहीतरी पवित्र असतं. आमच्या ताटांच्या मधल्या जागेत त्या रात्री जे होतं त्याला मी नाव देत नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पोरी सकाळी नऊलाच आल्या. वैशाली केळ्यांचा घड आणि प्लेटांचं पुडकं घेऊन आली. आणि वर, कुणी न सांगता, एक गाठोडं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, अजून कोमट. "आईनं केल्या सर. पहाटे तीनले उठून. रसासोबत याच पाहिजे म्हने." मडक्यावरच्या पोळ्या होत्या. चुलीवर मडकं पालथं घालतात, सैल मळलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पातळ करत नेतात आणि त्या तापल्या मडक्याच्या पाठीवर टाकतात. हातभर लांब, बोटाला लागेल न लागेल इतकी पातळ. हे काम येणाऱ्या बायका आता थोड्याच राहिल्यात. हात भाजतात.

मी म्हणालो, "अगं, कशाला उगाच? पोळ्या आहेत की भरपूर." आणि गाठोडं तिच्या हातातून घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं, हसून घेतलं, आणि स्टीलच्या कपाटावर ठेवून दिलं. वर, जिथे जुन्या उत्तरपत्रिका होत्या. तिने ते बघितलं. केळी मात्र टेबलावर मध्यभागी ठेवली गेली.

वैशालीची पाळी शेवटची. तोवर दीड वाजला होता आणि एक्स्टर्नलना परतीची बस होती. ते म्हणाले, "जेवता जेवता घेऊ हिची. वेळ वाचेल." मीही म्हणालो, हो, बरोबर. म्हणजे आम्ही दोघं बसून जेवत होतो आणि ती आमच्यासमोर उभी होती. वाटीत बोट फिरवून त्यांनी रस चाटला, मनगटाकडे वाहणारा ओघळ वरच्यावर जिभेने अडवला आणि विचारलं, "काय हो, तुमच्याकडे देवच नाही. आणि हा माणूस तर शेवटी देवाकडे नेतो. तिथे तुमची गाडी अडकली असेल. मग हा विषय घेतलाच कशाला? तुमच्या लोकांचा एखादा विषय घ्यायचा." आणि ते हसले. त्यांच्या मिशीला रस होता. मी हसलो. लक्षात घ्या, मला हसू आलं नव्हतं. मी हसलो.

वैशालीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्याकडे. परीक्षेपुरती घासून आणलेली पुस्तकी मराठी तिच्या तोंडात होती. "सर, आमच्याकडे देव नाही म्हणूनच घेतला. ज्याच्याकडे देव आहे, त्याला समोरचा माणूस भेटला नाही तरी चालतं, देव भेटतो म्हणता येतं. आमच्याकडे समोरचा माणूसही नाही भेटला, तर मग कोणीच उरत नाही."

एक्स्टर्नलनी भुवया वर केल्या. "वा! वाक्य चांगलं आहे. कुठल्या पुस्तकातलं?"

"माझं आहे."

"असं?" म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "रस फर्मास आहे हो. गावरान?"

गुण देताना ते म्हणाले, "जरा जास्त बोलते, नाही? आत्मविश्वास ठीक, पण संदर्भ कमी पडतात." ज्या आजीच्या संदर्भातून तो प्रश्न पडला होता, तिच्यावर मीच काट मारली होती. मी म्हणालो, "तसं आहे खरं." पाच जणींत तिला सगळ्यात कमी गुण पडले. पुढे पीएच.डी.साठी लागणारे टक्के तिचे थोडक्यात हुकले, हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मी हळहळलो, आणि ती हळहळ चारचौघांत बोलूनही दाखवली. कोरडे पाषाण म्हणतात ते आम्ही. पण पाषाण बरे, त्यांना निदान ओली भाषा येत नाही.

साडेतीनला सगळं आवरलं. एक्स्टर्नल गेले, पोरी गेल्या. आमचे शिपाई पुंडलिकराव झाडू मारत होते. त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "सर, हे गठुडं कोनाचं व्हय? वर हाये."

मी म्हणालो, "राहिलंय कुणाचं तरी. गाईला घालून द्या."

कुणाचं तरी! ज्या तोंडाने वर्षभर "समोरचा माणूस" शिकवला, त्याच तोंडाने. आणि गाईला घालणं म्हणजे आमच्याकडे पुण्याचंच काम, त्यामुळे मनाला टोचणीही नको. पुंडलिकराव गाठोडं घेऊन फाटकाशी गेले. मी पाठोपाठ कुलूप लावून बाहेर आलो तर वैशाली फाटकातून आत येत होती. फडकं न्यायला आली होती. आईचं लुगडं, ते परत न्यायलाच हवं. फाटकाशी एक भाकड गाय उभी होती आणि ती लांबच्या लांब पोळी तिच्या तोंडातून लोंबत होती. गाय मान झटकून झटकून ती आत ओढत होती. वैशाली तिथेच उभी राहिली. पुंडलिकरावांना काहीच माहीत नव्हतं, ते कौतुकाने म्हणाले, "पाय ना, कशी खाऊन राह्यली!" तिने खाली पडलेलं फडकं उचललं, झटकलं, चार घड्या केल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "येतो सर." आणि गेली. मी "हो, ये" म्हणालो.

तेव्हापासून मला रस चालत नाही.

लोक म्हणतात काळ गेला की आठवणी गोड होतात. माझी ही आठवण आंबत गेली आहे. आधी मला त्या एक्स्टर्नलची किळस यायची, त्याच्या मिशीची, मनगटावरच्या ओघळाची. ते सोपं होतं. मग स्वतःची यायला लागली, माझ्या लाल पेनाची, माझ्या सुंदर अक्षराची. रात्री मी ती किळस चघळत पडायचो आणि मनात कुठेतरी बरंही वाटायचं, की पाहा, आपण किती संवेदनशील. मग एक दिवस लक्षात आलं, ही किळस नवी नाही. हीच तर आमच्या घरातली जुनी वस्तू आहे. आजोबांच्या पोटात हीच ढवळायची, विहिरीवर कुणाची सावली पडली की. वडिलांच्या पोटात ती जरा सभ्य झाली. माझ्या पोटात तिने केळ्याची साल शोधून काढली. आणि आता तिला बाहेर कुणी सापडत नाही म्हणून ती माझ्याकडे वळली, तर तेवढ्याने मी साधू झालो? शिसारीने कुणी कुणाला भेटत नाही. दुसऱ्याची असो की स्वतःची, ती माणसाला दूरच ठेवते.

तो ज्यू म्हातारा म्हणायचा की भेट ठरवून घडवता येत नाही. ती कृपेने होते, आपण फक्त तयार असायचं. वर्गात हे सांगताना मी वर छताकडे बघायचो, कृपा तिकडून येते म्हणून. ती त्या दिवशी पहाटे तीनला कुणाच्या तरी चुलीवर तयार झाली होती, काळीपिवळीत बसून आली होती, माझ्या हातात कोमट होती. तिला मी कपाटावर ठेवलं. श्रद्धा वगैरे मोठे शब्द मी आता वापरत नाही. त्या शब्दांनाही माझ्या तोंडाचा वास लागला आहे.

त्या तरुण प्राध्यापकाला मी तब्येतीचं कारण सांगून नाही म्हटलं. तो म्हणाला, "सर, रस नसन चालत तं दुसरं काही करू ना!" मी फोन ठेवला. ज्या दिवशी त्यांची तोंडी परीक्षा होती, त्या दिवशी सकाळी मी बायकोला बँकेचं काम सांगितलं आणि राळेगावच्या एस.टी.त बसलो. वैशाली तिकडच्या एका शाळेत शिकवते, नवऱ्याचं गावही तेच, एवढं जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं होतं. वाटेत वखरून ठेवलेली काळी शेतं, बांधावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि एकही माणूस नाही. मी मनात वाक्य जुळवत होतो. पहिलं वाक्य फार नम्र होतं. ते मला आवडलं, आणि आवडलं म्हणून त्याची घाण वाटली. मग दुसरं जुळवलं.

तिचं घर सापडलं तेव्हा ती अंगणात कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होती. अंगाने भरलेली, केसांत थोडा पांढरेपणा. मला पाहून बादली खाली ठेवली. "सर? तुम्ही?" आणि तिचा चेहरा खरंच उजळला. ओल्या हातांनी तिने खुर्ची पुढे ओढली. "या ना, बसा. अचानक?"

मी बसलो नाही. बसलो तर बोलता येणार नाही असं वाटलं. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. केळी, कागद, आजीवरची काट, माझं हसणं, गुण, गाय. म्हणालो, "वैशाली, माझं चुकलं. मला माफ कर."

ती ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू पुन्हा पहिल्यासारखा झाला, शाळेतल्या बाईंचा. मग तिने बादली उचलून बाजूला ठेवली.

"म्हणजे तुम्ही माफी मागाले आले सर," ती म्हणाली. "मले वाटलं, भेटाले आले."

या बाईला मी विचारलंही नव्हतं, कशी आहेस म्हणून. एस.टी.तल्या दोन तासांत तो प्रश्न माझ्या एकाही वाक्यात नव्हता.

आतून खोकल्याचा आवाज आला. वैशाली एकदम जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई आहे आत. आता माह्याजवळच असते. तिच्यासमोर यातलं काही काढू नका. मी तिले त्या दिवशी सांगतलं होतं, सरांनी दोन पोया खाल्ल्या, लय आवडल्या म्हणून." आणि मग, माझ्याकडे रोखून बघत, "तुम्हाले मोकळं वाटावं म्हणून तिले कायले रडवता?"

म्हातारी भिंत धरत दारात आली. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे निरखून पाहिलं. वैशालीने सांगितलं, "आई, हे आमचे कालेजचे सर." म्हातारीने पदर सारखा केला, उंबऱ्यावरच बसली. भाजल्याचे जुने काळे डाग तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत होते.

"तुमीच का ते?" ती म्हणाली. "बरं झालं आले. लय दिवसाचं इचारायचं होतं. पोरगी म्हने, सरांनी दोनच खाल्ल्या. म्या वीस केल्त्या." ती थांबली, जरा संकोचली. "खरं सांगजा बरं. मीठ कमी पडलं होतं काय?"

वैशाली बादलीकडे बघत होती.

"नाही आई," मी म्हणालो. "मीठ बरोबर होतं."